पडून गेलेल्या पत्त्यांचा हिशेब

दहावीच्या ‘गणित भाग १’मधलं पाचवं प्रकरण संभाव्यतेचं आहे. नाणं, फासा आणि पत्त्यांचा कॅट, या तीन वस्तूंवर ते जवळपास सगळं उभं आहे. कळव्यात मनीषा नगरपासून खारेगावपर्यंत गल्लोगल्ली जे क्लास चालतात, तिथे परीक्षेच्या तोंडावर फळ्यावर हेच असतं. नीट पिसलेला ५२ पत्त्यांचा कॅट, २६ लाल, २६ काळे. बदाम, चौकट, किलवर, इस्पिक प्रत्येकी १३. एक पत्ता काढला तर तो राजा असण्याची संभाव्यता चार छेद बावन्न, म्हणजे एक छेद तेरा. बदाम असण्याची एक छेद चार. मुलांना हे गुण हातचे वाटतात आणि ते खरंही आहे. मात्र पुढचं उदाहरण सुरू होतं तेव्हा काढलेला पत्ता मुकाट्याने कॅटमध्ये परत गेलेला असतो. कॅट पुन्हा ५२ चा, पुन्हा नीट पिसलेला.

त्याच कळव्याहून सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या धीम्या लोकलमध्ये पत्त्यांचा दुसरा हिशेब चालू असतो. कल्याण-डोंबिवलीहून जागा धरून आलेले चौघं समोरासमोर बसलेले, गुडघ्यांवर आडवी बॅग नाहीतर पुठ्ठा, त्यावर मेंढीकोटचा डाव. कळव्याला बसायला मिळणं मुश्किलच, त्यामुळे इथे चढलेला गडी उभ्यानेच कुणाच्या तरी खांद्यावरून पानं बघत असतो. इथे पडलेलं पान परत येत नाही. काय पडून गेलं हे ज्याच्या डोक्यात आहे तोच पुढचं पान कुणाकडे असेल ते ओळखतो. भिडूने चुकीचं पान टाकलं की डब्यात आवाज चढतो तो यावरूनच: “इस्पिकचा एक्का मघाशीच गेला, लक्ष कुठे होतं?”

पत्त्यांच्या गणिताचं कूळ शोधत मागे गेलं की मूळ पुरुष म्हणून हा दुसरा, डब्यातला हिशेबच सापडतो. पुस्तकातला एका पत्त्याचा हिशेब ही त्याची फार छाटलेली फांदी आहे. आणि या कुळाचा बराचसा प्रवास मराठी मुलखातून झालेला आहे.

आधी मेंढीकोट जरा जवळून बघू. चौघं, समोरासमोरचे दोघं भिडू, प्रत्येकाला १३ पानं. रंगाला रंग द्यायचा, नसेल तर हुकूम मारायचा किंवा दुसरं पान टाकायचं. सगळी ओढाताण चार दश्श्यांसाठी; त्याच मेंढ्या. तीन मेंढ्या मिळाल्या की डाव आपला, चारही मिळाल्या तर विरुद्ध जोडीवर मेंढीकोट.

पानं वाटून झाली की या चार दश्श्या दोन जोड्यांमध्ये कशा विभागल्या जातात? नवखाच काय, मुरलेला खेळाडूही म्हणेल की बहुतेक वेळा दोन-दोन. गणित वेगळं सांगतं. दोन-दोन अशी वाटणी १०० पैकी साधारण ३९ वेळा होते. एका जोडीकडे तीन आणि दुसरीकडे एक, ही वाटणी जवळजवळ ५० वेळा. चारही एकाच बाजूला ११ वेळा. कारण सरळ आहे. प्रत्येक दश्शीला जायला दोन घरं, म्हणजे चार दश्श्यांच्या मिळून १६ तऱ्हा. त्यांतल्या सहा तऱ्हांत दोन-दोन होतात, आठ तऱ्हांत तीन-एक, दोन तऱ्हांत चारही एका घरी. नेमके आकडे यापेक्षा किंचित सरकतात, कारण प्रत्येक जोडीकडे २६ च जागा असतात आणि एक दश्शी एका घरात शिरली की तिथली एक जागा भरते. डाव बरोबरीने सुरू होतो ही समजूत त्यामुळे निम्म्याहून जास्त वेळा खोटी ठरते.

आता माझ्या हातात १३ पानं आली आणि त्यांत बदामाची दश्शी आहे असं धरा. उरलेल्या तीन दश्श्या मला न दिसणाऱ्या ३९ पानांत कुठेतरी आहेत. ३९ जागांतून तीन जागा निवडण्याच्या तऱ्हा ९,१३९. त्यांपैकी २,६०० तऱ्हांत भिडूकडे एकही दश्शी नाही. म्हणजे भिडूकडे निदान एक तरी असण्याची शक्यता ७१ टक्क्यांच्या थोडी वर. या भरवशावर मी उतारी करतो. पाच हात होतात. मधल्या काळात इस्पिकची दश्शी विरुद्ध जोडीकडून पडून गेली. आता प्रत्येकाकडे आठ पानं, मला न दिसणारी २४, आणि त्यांत किलवर व चौकट अशा दोन दश्श्या. भिडूकडे त्यांतली निदान एक असण्याची शक्यता एव्हाना साडेछप्पन टक्क्यांवर आली. मग लक्षात येतं की मघाशी चौकट उतरली तेव्हा भिडूने चौकट दिली नव्हती. त्याच्याकडे चौकटच नाही. न दिसणाऱ्या २४ पानांत चौकटची सात असतील तर ती सगळी विरुद्ध जोडीतल्या दोघांकडे. राहिली १७ पानं, त्यांतली आठ भिडूची. किलवरची दश्शी त्याच्याकडे असण्याची शक्यता आठ छेद सतरा, ४७ टक्के. पान एकही बदललं नाही, वाटणी झाली तेव्हाच सगळं ठरलेलं होतं, तरी माझा आकडा ७१ वरून ४७ वर उतरला. तो पडलेल्या पानांमुळे आणि न पडलेल्या पानांमुळेही उतरला.

डब्यात कुणी असे अपूर्णांक मांडत नाही. पण मुरलेला माणूस ज्याला “आता भिडूवर भरवसा नको” म्हणतो, ते हेच.

वरचा ९,१३९ हा आकडा जुना आहे. १६५७ साली डच गणिती क्रिस्तियान हायगेन्स यांनी जुगारातल्या हिशेबांवर एक छोटी पुस्तिका लॅटिनमध्ये छापली. संभाव्यतेवर छापलेलं ते पहिलं पुस्तक मानलं जातं. तिच्या शेवटी पाच प्रश्न दिले आहेत आणि त्यांतला तिसरा पत्त्यांचा आहे. ४० पत्त्यांचा कॅट, चार रंगांचे दहा-दहा. एकजण पैज लावतो की चार पत्ते काढीन आणि चारही वेगळ्या रंगांचे निघतील. त्याची बाजू किती? उत्तर: १,००० ला ८,१३९. दोन्हींची बेरीज ९,१३९. पहिला पत्ता कुठलाही चालतो, उरलेल्या ३९ मधून तीन काढायचे. हातात एक दश्शी धरून बाकी तीन शोधणारा मेंढीकोटवाला नेमक्या त्याच ३९ आणि तीनच्या समोर बसलेला असतो.

हा प्रश्न हायगेन्स यांना फेर्मा या फ्रेंच गणितीकडून आला होता. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी, १६५४ मध्ये, फेर्मा आणि पास्कल यांच्यात पत्रव्यवहार झाला. खेळ अर्धवट मोडला तर लावलेले पैसे कसे वाटायचे, हा त्याचा विषय. तिथून हे शास्त्र सुरू झालं असं सगळे सांगतात. मिलानचे वैद्य कार्दानो यांनी त्याहूनही शंभरेक वर्षं आधी फासे आणि पत्ते यांवर पुस्तक लिहून ठेवलं होतं, पण ते छापलं गेलं १६६३ मध्ये, ते गेल्यावर ८७ वर्षांनी.

मला इथे कार्दानो-पास्कल यांच्यापेक्षा त्या तिसऱ्या प्रश्नाचं मोल जास्त वाटतं. फाशाला आठवण नसते. मागचं दान सहा पडलं म्हणून पुढचं दान बदलत नाही. पत्त्यांचं तसं नाही. हायगेन्स यांच्या प्रश्नात दुसरा पत्ता वेगळ्या रंगाचा निघण्याची शक्यता ३० छेद ३९, तिसऱ्याची २० छेद ३८, चौथ्याची १० छेद ३७. प्रत्येक पत्ता पुढच्याचा छेद कमी करून जातो. आपल्या पुस्तकात एकच पत्ता काढून कॅट पुन्हा भरून घेतला जातो, तेव्हा कॅट हा बावन्न बाजूंचा फासा होऊन बसतो आणि पत्त्यांच्या अंगचा मुख्य गुणच निघून जातो.

हायगेन्स यांनी जी गुंतागुंत सोडवली तिची हत्यारं आपल्याकडे त्याआधी ५०० वर्षं तयार होती. भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट या सहा रसांतून एकेक, दोन-दोन, तीन-तीन घेऊन किती मिश्रणं होतात, याचा नियम तिथे आहे: वर उतरते अंक, खाली चढते अंक, गुणून भागायचं. ३९ ला ३८ ने आणि ३७ ने गुणून एक, दोन, तीनच्या गुणाकाराने भागलं की ९,१३९ येतात, नियम तोच. लीलावतीच्या अंकपाश प्रकरणात शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं अदलाबदल केली तर किती मूर्ती होतील याचं उत्तर आहे, ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांतल्या शंख, चक्र, गदा, पद्म यांच्या २४. चार पत्ते चार रंगांचे निघाले तर ते कुठल्या क्रमाने निघतील, त्याच्याही २४ च तऱ्हा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ स्थापन केला, त्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. म्हणजे हे मोजणं खानदेशात रीतसर शिकवलं जात होतं. तिथे तऱ्हा मोजल्या गेल्या. कुठली तऱ्हा किती वेळा यावी आणि तिच्यावर काय लावावं, हा प्रश्न लीलावती विचारत नाही.

तो प्रश्न आपल्याकडे विचारला गेला होता, पण कथेत. महाभारताच्या वनपर्वातलं नलोपाख्यान. द्यूतात राज्य घालवलेला नळ बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झालेला. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची बातमी आली म्हणून दोघं रथातून विदर्भाकडे निघालेत. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. त्याच बेहड्याची फळं त्या काळी फासे म्हणून वापरत. ऋतुपर्ण झाडाकडे बघून सांगतो की या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २,०९५ फळं आहेत. नळ रथ थांबवतो, झाड तोडतो, फळं मोजतो. आकडा जुळतो. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकवतो आणि बदल्यात अश्वविद्या मागून घेतो. या कथेत फाशांचं ज्ञान आणि मोजण्याचं ज्ञान एकाच माणसाजवळ आहे, एकाच श्वासात सांगितलेलं आहे. नळ नुसतं ऐकून गप्प बसत नाही, फळं मोजून खात्री करतो, ही गोष्टही मला तितकीच मोठी वाटते.

पत्ते आपल्याकडे आले ते मात्र बरेच नंतर, गंजिफा होऊन. १५२७ साली बाबराने सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. आईन-इ-अकबरीत अबुल फजलने १२ रंगांच्या, प्रत्येक रंगात १२ अशा १४४ पत्त्यांचं वर्णन केलं आहे. पुढे जास्त रूढ झाला तो आठ रंगांचा, ९६ पत्त्यांचा संच. आणि महाराष्ट्रात सावंतवाडीने जपला तो दशावतारी: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, एकूण १२० गोल पत्ते. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, घोटून, रंगवून वर लाखेचा हात दिलेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला विझत आली होती. तेव्हा तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराला गाठून ती राजवाड्यात पुन्हा सुरू केली. राणीसाहेब स्वतः ती शिकल्या.

आज लोक हे पत्ते भिंतीवर लावायला घेतात. पण तो खेळायचा संच आहे आणि खेळ अवघड आहे. दशावतारी डाव तिघांत, प्रत्येकाला ४० पत्ते. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. मेंढीकोटसारखा एक रंग हुकूम नसतो. ज्या रंगात जो पत्ता त्या घडीला सर्वांत मोठा उरला असेल तोच त्या रंगाचा हुकूम. राजा पडला की प्रधान हुकूम. प्रधानही पडला की? पाच रंगांत दश्शी, मग नव्वी, अठ्ठी असं उतरत जायचं. उरलेल्या पाच रंगांत उलटं, एक्का मोठा, मग दुर्री, तिर्री. म्हणजे खेळणाऱ्याने दहा रंगांत दहा वेगळ्या ठिकाणी बोट ठेवून बसायचं, त्यांतल्या निम्म्या रंगांत उलटं मोजायचं, आणि आपले ४० सोडून बाकीच्या ८० पत्त्यांतले कोणते पडून गेले ते मनात धरायचं. कागद-पेन्सिल नाही. हातातली तिर्री कधी अचानक हुकूम झाली हे ज्याच्या लक्षात आलं नाही त्याचा डाव गेला. पडलेल्या पत्त्यांवरून उरलेल्यांचा अंदाज घेण्याची इतकी कडक तालीम ५२ पत्त्यांच्या कुठल्याही घरगुती खेळात नाही.

हायगेन्स यांचा तिसरा प्रश्न या संचाला लावून बघितला. चाळीसातून चार पत्ते चार रंगांचे काढण्याची शक्यता साधारण ११ टक्के होती. ५२ च्या कॅटमधून ती साडेदहा टक्के होते. सावंतवाडीच्या १२० तून दहा पत्ते काढून दहाही अवतार वेगवेगळे यावेत, तर ते साधारण १,८७५ प्रयत्नांत एकदा घडेल. सुरुवातीला वाटतं तितकं अवघड नाही; सहाव्या पत्त्यापर्यंत गाडी बरी चालते, मग मात्र नवा अवतार भेटणं कठीण होत जातं आणि शेवटच्या पत्त्याला १११ पैकी १२ च पत्ते कामाचे उरलेले असतात.

विलायती ५२ चा कॅट इंग्रजी अमलात सगळीकडे पसरला आणि गंजिफा मागे पडला. चौकोनी पत्ता छापायला स्वस्त, हातात धरायला सोपा. झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन, रमी, ब्रिज, तीन पत्ती हे सगळं या कॅटचं गणगोत. त्यांत तीन पत्तीकडे बघून एक गमतीची गोष्ट दिसते. तीन पत्त्यांच्या २२,१०० तऱ्हांपैकी एकाच अंकाची तीन पानं येण्याच्या तऱ्हा ५२. एकाच रंगातली सलग तीन पानं येण्याच्या ४८. दुसरी जास्त दुर्मिळ, तरी खेळात पहिलीच वरचढ धरतात. तीन एक्क्यांचा रुबाब रीतीने ठरला, मोजणीने नाही.

तीन पत्ती आणि रमी यांतला फरक पुढे कोर्टात गेला. सिकंदराबादच्या एका करमणूक क्लबवर जुगाराचा खटला झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल २२ नोव्हेंबर १९६७ रोजी दिला. न्या. एम. हिदायतुल्ला यांनी तो लिहिला. ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले आणि नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. रमी हा तीन पत्त्यांच्या खेळासारखा निव्वळ नशिबाचा खेळ नाही असं त्यांनी ठरवलं. कारण काय दिलं? कोणते पत्ते पडत जातात ते लक्षात ठेवावं लागतं, आणि कोणता पत्ता धरायचा, कोणता टाकायचा याला कसब लागतं. मला या निकालाचा आदर वाटतो तो या एका कारणासाठी. कौशल्य नेमकं कुठे असतं यावर न्यायालयाने बोट ठेवलं आणि ते बोट पडून गेलेल्या पत्त्यांवर पडलं. रमीवर पैसे लावावेत का हा वेगळा प्रश्न आहे, आणि ज्याने घरं उद्ध्वस्त झालेली पाहिली असतील त्याला त्याचं उत्तर विचारायला नको.

आता पुस्तकातल्या दुसऱ्या गृहीताकडे: ‘नीट पिसलेला’ कॅट. सगळ्या अपूर्णांकांचा पाया हाच. प्रत्येक पत्ता येण्याची शक्यता सारखी, हे पिसण्याने साधलं असं आपण धरून चालतो. खरंच साधतं का? हा प्रश्न ज्यांनी गंभीरपणे विचारला त्यांत एक माणूस आपला आहे, दामोदर धर्मानंद कोसंबी.

कोसंबींचा जन्म गोव्यातला, १९०७ चा. वडील बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. कोसंबी स्वतः हार्वर्डला शिकून आले, बनारस, अलीगढ आणि फर्ग्युसनमध्ये शिकवलं, नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण ते मुळात गणिती आणि संख्याशास्त्री. तक्षशिलेची प्राचीन नाणी त्यांनी तराजूत एकेक करून तोलली. बाजारात फिरताना नाणं हळूहळू झिजतं, तेव्हा वजनांच्या पसाऱ्यावरून ती किती काळ चलनात होती हे निघेल, ही त्यांची युक्ती. त्यासाठी आधी चालू चलनातली नाणीही तोलून पाहिली. हजारो हातांतून गेलेली वस्तू काय खुणा ठेवते, याचं त्यांना वेड होतं. १९५८ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा यू. व्ही. आर. राव यांच्याबरोबरचा निबंध आला. विषय: पत्ते पिसण्याने ते कितपत यादृच्छिक होतात. त्या काळात कोसंबी पुण्याला राहत आणि मुंबईला डेक्कन क्वीनने ये-जा करत. ती गाडी पारसिकच्या डोंगरातल्या १९१६ च्या बोगद्यातून, कळवा स्टेशन बाजूला ठेवून जात असे. कळव्याशेजारच्या रुळांवरून पत्त्यांच्या पिसण्यावर विचार करणारा गणिती वर्षानुवर्षं गेला, हे मला इथल्या लोकांनी माहीत करून घ्यावं असं वाटतं.

पुढे या प्रश्नाची उत्तरं अमेरिकेत निघाली. कॅटचे दोन भाग करून अंगठ्यांनी फर्रकन एकमेकांत सोडण्याची जी पद्धत आहे, तिने सात वेळा पिसलं की ५२ पत्ते पुरेसे मिसळतात, हे डेव्ह बायर आणि पर्सी डायकॉनिस यांनी १९९२ मध्ये सिद्ध केलं. पण आपण असं पिसत नाही. आपण कॅट डाव्या हातात धरतो आणि उजव्या हाताने गठ्ठे उचलून वरखाली करतो. या पद्धतीचा अभ्यास रॉबिन पेमँटल यांनी १९८९ मध्ये केला होता, आणि डायकॉनिस यांच्या अंदाजाने असं पिसून कॅट नीट मिसळायला दहा हजारांच्या घरात वेळा पिसावं लागेल. गठ्ठ्याच्या आतले शेजारी शेजारीच राहतात. डोंबिवली ते कळवा या पट्ट्यात, हलत्या डब्यात, चार-पाच वेळा हात मारून जो कॅट वाटला जातो तो पुस्तकातला कॅट नव्हेच.

अशा अपुऱ्या पिसण्याचा परिणाम वाटणीवर अवलंबून असतो आणि तो उलटसुलट होतो. मेंढीकोटचा डाव संपला की पानं हातांच्या ढिगाऱ्यांत गोळा होतात. रंगाला रंग दिलेला असल्याने एका हातातली चारही पानं पुष्कळदा एकाच रंगाची. कमी पिसलं तर हे चौकडे बऱ्याच अंशी शाबूत राहतात. आता एकेक पान करून वाटलं तर त्या चौकड्यातलं एकेक पान चौघांकडे जातं आणि सगळ्यांचे हात गणितापेक्षा जास्त सपाट होतात. ब्रिजच्या स्पर्धांत संगणकाने केलेली वाटणी आली तेव्हा खेळाडूंनी तक्रार केली होती की हात फार वेडेवाकडे येतात. वेडेवाकडे हातच खरे होते. आयुष्यभराची सवय सपाट हातांची होती. मात्र मेंढीकोट खेळणारे अनेकजण आधी पाच, मग चार, मग चार अशी वाटणी करतात. तेव्हा शाबूत राहिलेला चौकडा अख्खा एकाच्याच हातात पडू शकतो आणि हात गणितापेक्षा जास्त एकरंगी होतात.

हे दहावीच्या वर्गात तपासता येईल. एक कॅट, चार मुलं आणि एक वही. मेंढीकोट खेळायचं, नेहमीसारखं पिसायचं, आणि प्रत्येक वाटणीनंतर दोनच गोष्टी लिहायच्या: दश्श्या जोड्यांत दोन-दोन गेल्या, तीन-एक गेल्या की चारही एका बाजूला, आणि किती जणांच्या हातात एखादा रंग अजिबात नाही. शंभर वाटण्या म्हणजे ४०० हात. नीट पिसलेल्या कॅटमध्ये १३ पानांच्या हातात एखादा रंग अजिबात नसण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या किंचित वर, म्हणजे ४०० पैकी असे हात साधारण २० निघायला हवेत. एकेक वाटून ते विसापेक्षा बरेच कमी भरले, आणि पाच-चार-चार वाटून बरेच जास्त, तर कॅट पिसलेला नव्हता हे मुलांनी स्वतः मोजून सिद्ध केलेलं असेल.